अक्काच्या पोटाची पारख

मी आयुष्यभर उजव्या हाताची भाकरी खाल्ली. डोकं फारसं वापरावं लागलं नाही, आणि जिथे वापरलं तिथे घोटाळाच झाला. अमरावतीच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे मी माल पारखायला होतो. गाडीवरून बोरा उतरला की त्याची शिवण चार बोटं उसवायची आणि हात कोपरापर्यंत आत घालायचा, एवढंच काम. वरचा कापूस सगळेच चांगला भरतात. आत ओल आहे का, माती आहे का, सरकी मिसळली आहे का, वजनाला मधोमध दगड दडवला आहे का, ते हाताने सांगायचं. डोळ्याने पारखणारे पुष्कळ होते. मी त्यांना पारखी म्हणत नसे.

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीतला कापूस एकाएकी गोड लागायला लागला होता. वऱ्हाडातले काही लोक गाडीच्या चाकांना चांदीचे पट्टे मारतात असं बोललं जाई. मी ते पाहिले नाहीत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोप्या मात्र पाहिल्या, आणि त्याच बैलांनी ओढून आणलेल्या बोऱ्यांत पाणी मारलेला कापूसही पाहिला. भाव चढला तशी माणसांची नियत उतरली. माझ्यासारख्याचं त्यातच पोट भरत होतं, म्हणून तक्रार करत नाही.

आमच्या धंद्याच्या दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजेल. पहिली खुणेची. माल चांगला असला की मी हात बाहेर काढून नुसता झटकायचा. आत दगड लागला की तोंडाने काही बोलायचं नाही, हात धोतराला पुसायचा. विकणाऱ्याला पत्ता लागत नसे, अडत्या मात्र समजायचा आणि भाव पाडायचा. ही खूण माझ्या वडिलांची. तेही कापूसच पारखत, आणि घरी जेवायला बसले तरी आज कितीदा हात पुसला ते आम्हाला सांगत. दुसरी गोष्ट शब्दाची. एका बोऱ्यात हात एकदाच घालायचा. बाहेर काढून जे सांगितलं ते सांगितलं. मागाहून शब्द फिरवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात आणि पुन्हा कोणी त्याच्यापुढे बोरा उसवत नाही. मी तोवर एकदाही शब्द फिरवला नव्हता आणि त्याचा मला भलता माज होता.

चैत्रात अकोल्याहून आलेल्या एका गाडीवानाने निरोप दिला की अक्काचं पोट फुगलंय, लवकर या.

अक्का माझी थोरली बहीण. आई मला आठवत नाही, कारण ती गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्काच्या कमरेवर बसून मी वाढलो आणि तिच्या पोटाला डोकं टेकून झोपलो. ती लग्न होऊन अकोल्याला गेली त्या दिवशी मी तिच्या बैलांच्या दमणीमागे वेशीपर्यंत पळालो होतो असं लोक सांगतात. मोर्णा नदीच्या पलीकडे तिचं घर होतं, घरची जमीन होती आणि नवरा कष्टाळू होता. मूल एकच, मुलगी. अक्का तोंडाची फटकळ. ती रागावली तर ऐकणाऱ्याला दोन दिवस भूक लागत नसे.

बाजार सोडून मी निघालो. रेल्वे तेव्हा अकोल्यापर्यंत यायची होती; वाटेत ठिकठिकाणी मातीचे भराव पडत होते, त्यांना वळसे घालत दमणीने चौथ्या दिवशी पोचवलं.

अक्का ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. हात काटक्यांसारखे झाले होते, गालांची हाडं वर आली होती आणि पोट तेवढं घागरीएवढं. मी बघतच राहिलो.

"असा काय पाहून राहिला?" ती म्हणाली. "गावातल्या बाया ओटी भराले निंगाल्या व्हत्या. म्या म्हटलं, थांबा वं बायांनो, आता पोरीची भरा."

मी हसलो नाही. ती मात्र हसली आणि हसता हसता तिला धाप लागली.

गावच्या वैद्यबुवांनी जलोदर सांगितला होता. मीठ बंद, पाणी बंद, घेटुळीचा काढा आणि उंटिणीचं दूध. नदीपलीकडे काठेवाडी धनगरांचा तळ होता, त्यांच्याकडे चार उंट होते. भाऊजी, म्हणजे अक्काचा नवरा, रोज पहाटे लोटा घेऊन तिकडे जात. अक्का ते दूध नाक दाबून पीत असे आणि म्हणे, उंटाच्या पाठीवर असते ते माह्या पोटावर आलं. वैद्यबुवांना मी नावं ठेवणार नाही. महिनाभर दूध पाजून झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं की हे पाणी माझ्या औषधाला जुमानत नाही, आता सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला बोलवा, तो नळी घालून काढेल. एवढं खरं बोलणारा वैद्य मी पुढे पाहिला नाही, आणि इतकं खरं बोलणारा कापूस पारखणारा तर नाहीच.

घरात आजारापेक्षा भाचीच्या लग्नाचा विषय जास्त चालू होता. बाळापूरकडे सोयरीक जमली होती, माणसं भली होती. अक्काचं म्हणणं, लग्न ज्येष्ठात उरकून टाका. एकदा आषाढी एकादशी लागली की चार महिने लग्नाची तिथी नाही. भाऊजींचं म्हणणं, मार्गशीर्षात करू. तोवर नवा कापूस घरात येईल, भाव असाच राहिला तर अकोल्यात कोणी पाहिलं नसेल असं लग्न करू. एकुलती एक पोर, तिची वरात घाईघाईने का काढायची? भाऊजी वाईट नव्हते. त्या वर्षी ज्याच्या शेतात कापूस होता तो प्रत्येक माणूस पुढच्या हंगामात राहत होता, तसे तेही राहत होते.

"मी ऱ्हायली नाही तं?" अक्का म्हणायची.

"काहून असं अभद्र बोलून राहिली? पानी काढलं का बरी होशीन," भाऊजी म्हणायचे आणि उठून गोठ्याकडे जायचे.

डॉक्टर आला. तरुण होता, मुंबईत शिकलेला, देशावरचा मराठी माणूस. आमचं बोलणं ऐकून त्याच्या कपाळाला आठ्या पडत. त्याचं बोलणं ऐकून अक्का पदराआड हसे. त्याने पोट तपासायचं म्हटलं आणि अक्काने साफ नकार दिला. परक्या पुरुषाचा हात अंगाला लावून घेणार नाही. भाऊजींनी समजावलं, डॉक्टर चिडला, वैद्यबुवांनी शास्त्र सांगितलं, काही उपयोग झाला नाही. मग सुईणीला बोलवू म्हणाले. सुईण आधीच येऊन गेली होती. पोटात मूल नाही यापलीकडे तिला काही सांगता आलं नव्हतं.

शेवटी अक्कानेच तोड काढली. "माह्या भावाले पाहू द्या. त्याचा हात दगड वळखते."

डॉक्टरला वाटलं ही थट्टा आहे. भाऊजींनी माझा धंदा सांगितला. तो माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाला, "म्हणजे कापसाच्या बोऱ्यात जे करता ते?" मी म्हटलं, तेच. "ठीक आहे," तो म्हणाला. "तुमच्या वऱ्हाडात रोग्यापेक्षा रोग्याचे नातेवाईक तपासावे लागतात."

अक्काला चौपाईवर निजवलं आणि गळ्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घातली. डॉक्टर चादरीच्या अलीकडे उभा राहून सांगत होता, मी चादरीखाली हात घालून लुगड्यावरून करत होतो. एका कुशीवर तळहात ठेवा. दुसऱ्या कुशीवर टिचकी मारा. मी टिचकी मारली आणि पलीकडच्या तळहाताला लाट येऊन लागली, विहिरीत खडा टाकल्यावर काठाला येते तशी. मी ते सांगितलं. डॉक्टर म्हणाला, पाणी आहे. आता बोटांनी वाजवत कुशीपासून बेंबीकडे या, आवाज कुठे बदलतो ते सांगा. तेही सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची आठी जरा सैल झाली. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मग त्याने बेंबीखाली चादरीला बोटभर चीर पाडली, तेवढ्याच जागेतून सुईसारखी टोकदार नळी आत घातली आणि आतला दांडा ओढून घेतला. अक्काने दातात पदर धरला, पण हूं की चूं केलं नाही. पाणी घंगाळात पडायला लागलं. मी पिवळं पाणी पाहायच्या तयारीत होतो. हे पळसाची फुलं भिजत घातल्यासारखं तांबूस होतं. होळी होऊन महिना झाला होता तरी अंगणाच्या कोपऱ्यात त्याच रंगाचे डाग अजून पुसले नव्हते. घंगाळ भरलं, दुसरं आणलं, तेही अर्धं भरलं.

डॉक्टरने त्यातलं थोडं पाणी पळीत घेऊन दिव्यावर धरलं. ते तापून अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठलं. मग मला बाजूला बोलावून हलक्या आवाजात बोलला, आणि ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण इतकं नीट मला कोणीच काही समजावून सांगितलं नव्हतं.

"अंगरख्याला आतून अस्तर असतं ना, तसं पोटालाही असतं. पातळ, ओलसर, आतड्यांवरूनही तेच फिरलेलं. काळजाचा दोष असला तर पाणी बहुधा स्वच्छ निघतं. हे रक्ताळलेलं आहे, दाट आहे. मला भीती वाटते की अस्तरालाच गाठी उठल्या आहेत. तसं असेल तर पाणी आज काढलं तरी पुन्हा भरणार. आता पोट सैल आहे, म्हणून हाताला नक्की कळेल. मी स्वतः तपासलं असतं, पण त्या लावू देत नाहीत. बेंबीच्या वर आडवा हात ठेवा. जाड भाकरीसारखं काही कडक लागतं का पाहा. मग खाली कुशीत, दाणे लागतात का ते. घाई करू नका."

मी पुन्हा चादरीखाली हात घातला.

पोट रिकाम्या बोऱ्यासारखं पडलं होतं. बेंबीच्या वर, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, कडक, खडबडीत काहीतरी आडवं पसरलेलं होतं. दाबलं तर सरकायचं, पण दबत नव्हतं. खाली उजव्या कुशीत खडे होते. हरभऱ्याएवढे, काही सुपारीएवढे. मी मोजले नाहीत. याच पोटाला डोकं टेकून मी झोपत असे, तेव्हा आतून गुडगुड ऐकू यायची आणि अक्का म्हणायची, आत मांजर आहे.

मान वर केली तर अक्का माझ्याकडे बघत होती. उंबऱ्यात भाऊजी होते, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. त्यांच्यामागे स्वयंपाकघराच्या दारात भाची उभी होती.

"काय?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "पानीच व्हतं. आता आत काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

असं का बोललो ते मी चाळीस वर्षं स्वतःला विचारतोय. दरवेळी वेगळं उत्तर मिळतं आणि त्यातलं एकही मला पटत नाही. कधी म्हणतो, अक्काला घाबरवायचं नव्हतं. कधी म्हणतो, भाऊजींचं तोंड बघवलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तर आमच्याकडे पोराबाळांनाही माहीत. पण खरं इतकंच असावं की ती गोष्ट ज्याच्या तोंडून निघेल तो माणूस मला व्हायचं नव्हतं. मी भित्रा निघालो.

डॉक्टर बुचकळ्यात पडला. तसं असेल तर काळजाचाच दोष असेल, म्हणाला. औषध देतो, वर्ष दोन वर्षं निघतील, जास्तही. भाऊजींनी तेवढंच ऐकलं. "पाह्य, मी म्हणत नव्हतो?" असं अक्काला म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्याच दुपारी बाळापूरला माणूस गेला की लग्न मार्गशीर्षात. अक्का काहीच बोलली नाही. ती थकली असेल असं आम्ही समजलो.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरला हाताला लागलं होतं ते सगळं सांगितलं. तो खुर्चीतून उठला. मला वाटलं मारतो की काय. पण पुन्हा बसला आणि म्हणाला, "औषध तेच आहे. पाणी भरलं की काढायचं, दुखलं की अफू द्यायची. या गाठींना आमच्याकडे काही नाही, विलायतेतही नाही. फरक एवढाच, की मी वर्ष म्हणालो होतो ते चुकीचं. श्रावण निघाला तर पुष्कळ. घरच्यांना हे माहीत असायला हवं. मी सांगू?"

लग्नाबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मी म्हटलं, मीच सांगतो.

घरी परत येताना मोर्णेच्या पात्रात मी बराच वेळ उभा होतो. ज्येष्ठ लागायला अजून अवकाश होता. एक माणूस बाळापूरला पळवला असता तर सगळं पुन्हा जागेवर येत होतं. पण मग भाऊजी विचारणार, तेव्हा काय म्हणालास? डॉक्टर सगळीकडे सांगणार की वऱ्हाडातला तो नावाजलेला हात खोटा निघाला. अमरावतीच्या बाजारात चार दिवसांत बातमी पोचणार. हात बाहेर काढून दिलेला शब्द मी कधी फिरवला नव्हता, आणि बहिणीच्या पोटाला कापसाच्या बोऱ्याचा नियम लावणारा गाढव त्या दिवशी वऱ्हाडात दुसरा नसेल. मी घरी गेलो, जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला निघालो. अक्काने शिदोरी बांधायला लावली. निघताना म्हणाली, "काही सांगाचं ऱ्हायलं का?"

"नाही," मी म्हणालो.

ज्येष्ठ गेला. आषाढी गेली. अकोल्याहून येणाऱ्या गाडीवानांकडून कळायचं, पुन्हा पाणी काढलं, पुन्हा भरलं. हंगाम संपून बाजार थंडावला होता तरी मी जात नव्हतो. रस्ते चिखलाचे आहेत, असं बायकोला सांगायचो. शेवटी तीच म्हणाली, तुमी जा, नाहीतर मी जातो. बायको माझ्यापेक्षा धीट होती. अजून आहे.

मी पोचलो तो पोळ्याचा दिवस होता. बैलांना न्हाऊ घालून, शिंगं रंगवून, झुली चढवून भाऊजी त्यांना पोळ्यात घेऊन गेले होते, आणि आता गल्लीतून वाजतगाजत परत येत होते. बैल दाराशी आले की घरच्या लक्ष्मीने त्यांचे पाय धुवून ओवाळायचं. अक्काला उठवत नव्हतं. भाचीने आरतीचं ताट घेतलं आणि बाहेर गेली. घरातली सगळी माणसं दारात गोळा झाली. आत अक्का आणि मी.

तिचं पोट पुन्हा भरलं होतं, बाकी काही उरलं नव्हतं. तिने हाताने खूण केली तसा मी जवळ बसलो.

"अक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

"मालूम आहे," ती म्हणाली. "पानीच व्हतं म्हणून बोलला अन् हात धोतराले पुसला."

मला ते आठवतही नव्हतं. अजून आठवत नाही. पण सवय म्हणजे सवय. पुसलाच असणार.

"मीबी त्याच बापाची पोरगी आहो," ती म्हणाली. "जेवाच्या पाटावर रोज आयकलं हाये म्या. पोट्टीलेबी समजलं. तिले मीच शिकवलं व्हतं ते, खेळ म्हणून."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"कोनाले बोलू?" बाहेर ढोल वाजत होता, म्हणून ती थांबत थांबत बोलत होती. "मी मरून राहिली म्हटलं असतं, तं म्हनले असते, बाई भ्याली. चैतापासून तेच तं म्हणून राहिली व्हती मी. माह्या म्हणण्यानं लगन हालत नव्हतं. तुह्या एका शब्दानं हाललं असतं. म्हणून तं तुले बलावलं. डाक्टरची लाज कायची? मराले टेकलेल्या बाईले कायची लाज? तुह्या हातानं पाहाव अन् तुह्या तोंडानं सांगाव, येवढ्यासाठी केलं म्या ते सारं."

मी रडलो, तेही आवाज न करता, कारण बाहेर सण होता. तिने माझा उजवा हात धरला आणि उलटा करून तळवा पाहिला, बाजारात माल पाहतात तसा.

"आता आयक. तुह्या भाऊजीले एकट्याले कन्यादान करता येनार नाही. तू अन् तुही बायको बसा. पोट्टीच्या हातावर पानी सोडाले कोनी तं पायजे."

"बसतो," मी म्हणालो.

"हे तरी कर." तिने हात सोडला.

भाची रिकामं ताट घेऊन आत आली. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ताट ठेवायला आत निघून गेली. पोळ्यानंतर पाचव्या दिवशी अक्का गेली.

मार्गशीर्षात लग्न होणं शक्य नव्हतं. बाळापूरची माणसं खरोखरच भली, वर्षभर थांबली. त्या वर्षात अमेरिकेतली लढाई मिटली, कापूस उतरला, आणि भाऊजींच्या मनातली वरात मनातच राहिली. लग्न साधंच झालं. भाऊजी मांडवात एका खांबाला धरून उभे होते. त्यांना मी सगळं सांगितलं होतं, अक्काचा तेरावा झाल्यावर. ते एवढंच म्हणाले की बाईमाणूस खरं सांगत होतं अन् आपण आयकलं नाही. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बाजारात मी हात पुसणं सोडून दिलं होतं. दगड लागला की विकणाऱ्याच्या तोंडावर म्हणायचो, दगड आहे. आमच्या अडत्याला ते परवडेना. दोन महिने त्याने कळ काढली आणि मग हात जोडले. दुसऱ्याने ठेवून घेतलं. आता ऐकतो की मुंबईत मोठे डॉक्टर भूल देऊन पोट उघडतात आणि असल्या गाठी डोळ्याने पाहतात. काढता येतात की नाही, कोणी नीट सांगत नाही. पण बाईला बोलायला लावून तिचं ऐकायचं यंत्र निघालं असेल तर ते अजून इकडे आलेलं नाही.

कन्यादानाला मी आणि बायको बसलो. खाली नवऱ्यामुलाची ओंजळ, तिच्यावर भाचीची ओंजळ, वर माझा उजवा हात. बायकोने झारीतून पाणी सोडलं. ते माझ्या बोटांवरून तिच्या हातावर आणि खाली घंगाळात पडत राहिलं. स्वच्छ पाणी होतं. भाचीने मान वर केली नाही, पण तिचे डोळे माझ्या हातावर होते आणि ते तिथून हलत नव्हते. भटजींचे मंत्र संपले. त्यांनी पंचा पुढे केला आणि म्हणाले, हात पुसा.

मी म्हटलं, राहू द्या. तो ओला हात मी तसाच गुडघ्यावर उताणा ठेवला, तिला दिसेल असा, वाळेपर्यंत.